पोतं उसवल्यावर

युरियाच्या पोत्याचा दोरा ओढण्यात एक कसब असतं. नेमकं टोक सापडलं तर एका झटक्यात सगळी शिवण चर्रकन उसवते. चुकीचं टोक धरलं तर गाठ बसते आणि विळा शोधावा लागतो. आमच्या घरी हे काम पोरांकडं असे. निघालेला दोरा आम्ही काडीला गुंडाळून ठेवायचो, पतंगाला होईल म्हणून. पोतं उघडलं की आई आणि शेजारच्या काकू पदराची ओटी करायच्या, तीत चार-पाच किलो खत घ्यायच्या आणि कपाशीच्या तासानं मूठ मूठ टाकत निघायच्या. रात्री भांडी घासताना बोटांच्या भेगांत झोंबायला लागलं की आई म्हणायची, “खत लागलं.” ऊन लागतं, थंडी लागते, तसं खत लागलं. त्यावर काही करायचं असतं, असं कुणाच्या मनातही येत नसे.

त्याच घरात एका वर्षी पोळा पंधरा दिवसांवर असताना बैल गेला. फवारणीसाठी विहिरीजवळच्या टिपाडात युरिया भिजवून ठेवला होता. औतावरून सुटलेला बैल सवयीनं तिकडं वळला आणि पोटभर प्यायला. अर्ध्या तासात त्याच्या तोंडाला फेस आला, दात करकर वाजायला लागले, पाय लटपटले, पोट नगाऱ्यासारखं फुगलं. आजोबा म्हणाले, “पान लागलं असणार.” माणसं खुरांजवळ सापाचे दात शोधत बसली. टिपाडाकडं कुणी पाहिलंच नाही. मला स्वतःला तो बैल कशानं मेला हे कळलं त्यानंतर बारा वर्षांनी, खत कारखान्याच्या सुरक्षा विभागात नोकरीला लागल्यावर, तेही पशुवैद्यकाचं एक जुनं पुस्तक सहज चाळताना.

या संग्रहाची सुरुवात तिथून झाली, असं म्हणायला हरकत नाही.

पुस्तकाचा विषय युरियाचे धोके हा असला, तरी एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. पोत्यातला युरिया हे नेहमीच्या अर्थानं विष नव्हे. उंदरांवरच्या चाचण्यांत निम्मे उंदीर दगावायला शरीराच्या दर किलो वजनामागं सुमारे साडेआठ ग्रॅम युरिया लागतो. स्वयंपाकाच्या मिठाचा हाच आकडा तीन ग्रॅमच्या आसपास आहे. आपलं यकृत रोज वीस-तीस ग्रॅम युरिया स्वतःच तयार करतं आणि मूत्रपिंडं तो बाहेर टाकतात. आईच्या ज्या भेगांत तो झोंबायचा, त्याच भेगांवर लावायच्या मलमांतही तो असतो. मग बैल कशानं गेला?

युरिया फार वेळ युरिया राहत नाही. तो ओला झाला, तापला, पोटात गेला, मातीत मुरला, दुसऱ्या एखाद्या पदार्थाला भेटला की त्याचं काहीतरी दुसरंच होतं, आणि ते दुसरं बहुतेक वेळा त्याच्याहून तिखट असतं. बैलाच्या कोटीपोटात अमोनिया, विहिरीत नायट्रेट, आगीत आयसोसायनिक आम्ल. आपण सावध राहतो ते पोत्यापाशी, म्हणजे जिथं तो सर्वांत गरीब असतो तिथं. पोतं उसवल्यावर पुढं तो जी वाट धरतो, ती कुणी एकसंध मांडून दाखवलेली नाही. निदान मराठीत तरी माझ्या पाहण्यात आलेली नाही.

ही रूपं बदलण्याची खोड जुनी आहे. रूएल या फ्रेंच रसायनतज्ज्ञानं १७७३ मध्ये हा पदार्थ मूत्रातून वेगळा काढला. १८२८ मध्ये जर्मनीत फ्रीडरिश व्होलर यांना अमोनियम सायनेट तापवताना तोच पदार्थ काचेच्या भांड्यात मिळाला. माणसाच्या किंवा कुत्र्याच्या मूत्रपिंडाशिवाय आपण युरिया करू शकतो, असं त्यांनी आपले गुरू बर्झेलियस यांना मोठ्या उमेदीनं कळवलं. सजीवांतले पदार्थ प्रयोगशाळेत होत नाहीत, या समजाला तिथून तडा गेला. रसायनशास्त्राच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात ही गोष्ट असते. तिचा शेताशी संबंध यायला मात्र पुढं जवळजवळ शंभर वर्षं जावी लागली, कारण युरिया करायला अमोनिया हवा आणि तो भरपूर, स्वस्त हवा. हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया करण्याची फ्रिट्झ हाबर यांची युक्ती १९०९ ची. कार्ल बॉश यांनी तिचा कारखाना उभा केला तो १९१३ मध्ये, ऱ्हाइनकाठच्या ओपाऊ गावी.

ओपाऊ हे नाव वाचकांनी लक्षात ठेवावं. २१ सप्टेंबर १९२१ च्या सकाळी तिथल्या कोठारात अमोनियम सल्फेट आणि अमोनियम नायट्रेटच्या मिश्रखताचा सुमारे साडेचार हजार टनांचा ढीग होता. खत ओल धरून दगडासारखं झालं होतं. ते फोडायला छोटे सुरुंग लावायची तिथली रोजची पद्धत होती आणि असे सुरुंग पूर्वी हजारो वेळा लावून झाले होते. त्या दिवशी सुरुंगाबरोबर ढीगच उडाला. पाचशेहून जास्त माणसं गेली. पुढच्याच वर्षी, १९२२ मध्ये, त्याच ओपाऊला युरियाचं औद्योगिक उत्पादन सुरू झालं. तालुक्याच्या गोदामात दगड झालेल्या युरियाच्या थप्पीवर पहारीचे घाव घालणारा हमाल पाहिला की मला ओपाऊ आठवतं. युरिया तसा फुटत नाही, हे मला माहीत आहे; तरीही आठवतं. ‘रोजच करतो, कधी काही झालं नाही’ हे वाक्य जर्मनीतही चालत होतं.

इथंच एक घोटाळा दूर करायला हवा. ४ ऑगस्ट २०२० ला बैरूतच्या बंदरात २७५० टन अमोनियम नायट्रेट उडालं, दोनशेहून जास्त माणसं मेली. त्यानंतर कित्येक दिवस मला गावाकडून फोन येत होते: “घरात युरियाची दहा पोती आहेत, काढून टाकू का?” अमोनियम नायट्रेट हा युरियाचा चुलतभाऊ. दोघंही पांढरे, दोघंही नायट्रोजन देणारे, पण स्वभाव वेगळे. अमोनियम नायट्रेटच्या रेणूत ऑक्सिजनची शिदोरी असते, त्यामुळं ते आगीला हवेशिवायही खाऊ घालतं. १९४७ चं अमेरिकेतलं टेक्सास सिटी बंदर, २००१ चं फ्रान्समधलं तुलूझ, मग बैरूत, ही सगळी त्याची करणी. आपल्याकडं त्याच्यासाठी २०१२ पासून वेगळे नियम आहेत आणि ते राबवणाऱ्या केंद्रीय संघटनेचं मुख्यालय नागपुरात आहे. युरियाची गोष्ट तशी नाही. तो १३३ अंशांना वितळतो, आणखी तापला की अमोनिया आणि इतर घातक वायू सोडतो. आग लागलेल्या गोदामात धोका आहे तो श्वासाला. संग्रहाचा भर युरियावर आहे. अमोनियम नायट्रेटवर यात एकच प्रकरण आहे, तेही मुख्यतः हा गोंधळ फेडण्यासाठी.

भारतातला इतिहास थोडक्यात सांगतो, कारण तो इतरत्र पुष्कळ लिहिला गेला आहे. १९५१ मध्ये सिंद्रीचा कारखाना सुरू झाला तो अमोनियम सल्फेटसाठी. १९६५ मध्ये तुर्भ्याचा, म्हणजे आपल्या ट्रॉम्बेचा, आणि १९८५ मध्ये अलिबागजवळच्या थळचा कारखाना आला. थळची किमया समुद्रातून येणाऱ्या वायूची आणि वरून पडणाऱ्या थेंबांची. वितळलेला युरिया उंच मनोऱ्याच्या माथ्यावरून फवाऱ्यासारखा सोडतात आणि खाली पोचेपर्यंत थेंबाचा दाणा होतो. ‘उज्ज्वला’ आणि ‘सुफला’ ही नावं महाराष्ट्रातल्या दोन पिढ्यांनी पोत्यांवरच वाचायला शिकली. आज ४५ किलोचं पोतं २६६ रुपये ५० पैशांना मिळतं. गोठ्यात, माजघरात, दुकानात इतकी स्वस्त दुसरी रासायनिक वस्तू सापडायची नाही. स्वस्त म्हणून ती वाटेल तशी वापरली जाते आणि स्वस्त असूनही वेळेवर मिळत नाही म्हणून घरात साठवली जाते. दुकानदाराचं ‘लिंकिंग’, म्हणजे युरियाबरोबर नको असलेला माल माथी मारणं, सोसून, यंत्रावर अंगठा देऊन आणलेली पोती मग पलंगाखाली, धान्याच्या कणगीशेजारी, पोरांच्या अभ्यासाच्या जागेत जातात. युरियाच्या सुरक्षिततेचा प्रश्न या टंचाईपासून तोडता येत नाही. कारखान्यांतल्या माझ्या जुन्या सहकाऱ्यांना हे पटत नाही. त्यांच्या मते तो प्रश्न गोदामाच्या दारापाशी संपतो.

या विषयाचा अभ्यास करणाऱ्यांची घराणी वेगवेगळी आहेत आणि त्यांचं एकमेकांकडं फारसं जाणं-येणं नाही. सर्वांत शिस्तीचं घराणं कारखान्यातल्या आरोग्याचं. त्यांचा शत्रू अमोनिया. तो उणे ३३ अंशांना उकळतो, म्हणजे टाकीतून सुटला की क्षणात वायू होतो, आणि शरीरात जिथं ओलावा असेल तिथं धावतो: डोळे, नाक, घसा, घामेजलेली काख. आपल्या कारखाने कायद्यानं आठ तासांच्या पाळीसाठी हवेच्या दहा लाख भागांत २५ भाग अमोनिया ही मर्यादा घातली होती. ३०० भागांपाशी जिवाला तात्काळ धोका मानतात. या घराण्याकडं वाऱ्याची दिशा दाखवणारे कापडी मोजे आहेत, फवारे आहेत, सराव आहेत. मी याच घराण्यात वाढलो, म्हणून त्याची उणीवही ठाऊक आहे: त्याची नजर कुंपणापर्यंत. युरियाच्या धुळीला तर आम्ही फार काळ साधी धूळ म्हणूनच मोजत आलो. पोती भरण्याच्या विभागात काम करणाऱ्याचे डोळे चुरचुरतात, मनगटावर जिथं हातमोजा घासतो तिथं कातडी लाल होते, दमेकऱ्याला त्रास होतो, हे सगळं नोंदवहीत ‘किरकोळ’ या रकान्यात जाई.

दुसरं घराणं पशुवैद्यांचं, आणि माझ्या मते सर्वांत शहाणं, कारण युरिया औषधही आहे आणि विषही, हे दोन्ही त्यांनाच सांभाळावं लागतं. गाय-बैल रवंथ करतात. त्यांच्या कोटीपोटातल्या सूक्ष्मजंतूंकडं युरिएज नावाचं विकर असतं. ते युरिया फोडून अमोनिया करतं, आणि त्या अमोनियापासून जंतू स्वतःचं प्रथिन घडवतात. जनावर मग ते जंतूच पचवतं. म्हणून निकृष्ट कडब्यावर किंवा गव्हाच्या काडावर युरियाची प्रक्रिया करतात. शंभर किलो काडाला चार किलो युरिया पाण्यात विरघळवून शिंपडायचा, रचून दाबायचं, तीन आठवडे हवाबंद ठेवायचं. युरिया, गूळमळी आणि खनिजांच्या चाटणविटाही याच विद्येतून आल्या. पण जंतूंना सवय नसताना, एकदम आणि उपाशीपोटी युरिया आला, तर अमोनिया वापरला जाण्याच्या कितीतरी आधी रक्तात शिरतो. यकृताचं काम अमोनियाचा परत युरिया करण्याचं, ते थकतं. सवय नसलेल्या जनावराला दर किलो वजनामागं अर्ध्या ग्रॅमच्या आतबाहेर युरिया बाधतो, एक ते दीड ग्रॅम बहुतेक वेळा जीव घेतो.

आता आमच्या टिपाडाचा हिशेब मांडतो, जो आजोबांनी मांडला नाही. दोनशे लिटरचं टिपाड, दोन टक्क्यांचं द्रावण, म्हणजे चार किलो युरिया. युरिया विरघळताना पाणी गार होतं आणि चव खारटसर लागते. औत ओढून आलेल्या बैलाला ते नको का वाटेल? तो वीस लिटर प्यायला असेल, तर पोटात चारशे ग्रॅम गेला. बैल तीनशे किलोचा. पुढचं सांगायला नको.

उपाय साधा आहे आणि वेळेवर झाला तर लागू पडतो: भरपूर थंड पाणी आणि व्हिनेगर. आम्लामुळं अमोनियाचं असं रूप होतं की ते पोटाच्या अस्तरातून पार होत नाही. थंडीमुळं विकराचं काम मंदावतं. खेड्यात व्हिनेगर कुणाच्या घरी, असा प्रश्न पूर्वी यायचा. आता फाट्यावरच्या चायनीजच्या गाडीवर बाटली असतेच. ही थट्टा नाही. संग्रहातल्या एका पशुवैद्यानं तिथूनच बाटल्या आणून म्हैस वाचवली आहे. मात्र झटके येणाऱ्या जनावराच्या नरड्यात बाटली ओतायची नाही, ते फुप्फुसात जातं. म्हणून डॉक्टरला फोन आधी, बाटली नंतर.

युरिएजची आणखी एक खूण आपल्या स्वयंपाकघरात आहे. हे विकर जगात पहिल्यांदा स्फटिकरूपात मिळवलं ते जेम्स समनर यांनी, १९२६ मध्ये, आपल्या अबईच्या कुळातल्या एका शेंगेच्या दाण्यांपासून; त्यासाठी त्यांना १९४६ चं नोबेल मिळालं. तेच विकर कच्च्या सोयाबीनमध्ये भरपूर आहे. मराठवाडा-विदर्भात आज घरोघर सोयाबीन आहे. कच्चं भरडलेलं सोयाबीन आणि युरिया एकाच खुराकात आले, तर अमोनिया कोटीपोटात जाण्याची वाटही पाहत नाही. आणि याच गुणावर दुधातल्या भेसळीची घरगुती परीक्षा उभी आहे. चमचाभर दुधात अर्धा चमचा सोयाबीनचं किंवा तुरीचं पीठ घालून हलवायचं, पाच मिनिटांनी तांबडा लिटमस कागद अर्धा मिनिट बुडवायचा; निळा झाला तर दुधात युरिया घातलेला. थोडा युरिया चांगल्या दुधातही असतो. कायद्याची मर्यादा शंभर मिलिलिटरला ७० मिलिग्रॅम आहे, आणि अन्नतपासणीचं तिसरं घराणं या फरकावरच झुंजत असतं.

पाण्याचं घराणं अमेरिकेतल्या आयोवात जन्मलं. तिथं १९४५ मध्ये हंटर कॉमली या डॉक्टरांनी निळसर पडलेली तान्ही बाळं तपासली आणि दोष विहिरीच्या पाण्यातल्या नायट्रेटकडं नेला. मातीत युरियाचं अमोनियम होतं, अमोनियमचं नायट्रेट, आणि पिकानं न उचललेलं नायट्रेट पावसाबरोबर खाली झिरपतं. बाळाच्या पोटात त्याचं नायट्राइट झालं तर रक्तातल्या हिमोग्लोबिनची प्राणवायू वाहण्याची ताकद जाते. पुढच्या संशोधकांनी शंका काढली की त्या विहिरी घाणही होत्या, बाळांना हगवणही होती, मग सगळा दोष नायट्रेटचाच कसा? हा वाद अजून पुरता मिटलेला नाही. तो मिटेपर्यंत मर्यादा पाळण्यात शहाणपण आहे. आपल्या मानकानुसार ती लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. वर्धा, बुलढाणा, अमरावती हे जिल्हे केंद्रीय भूजल मंडळाच्या अहवालांत या कारणानं वारंवार येतात. दोष एकट्या युरियाचा नाही, उकिरडे आणि शोषखड्डेही त्यात आहेत. आणि इथं आपली नेहमीची सावधगिरीच उलटते: पाणी उकळल्यानं नायट्रेट जात नाही, पाणी आटतं तसं ते दाट होतं. बाळाच्या दुधाच्या पावडरीसाठी वीस मिनिटं पाणी उकळणारी आई बिचारी आपल्या समजुतीनं चांगलंच करत असते.

कृषिशास्त्रज्ञांचं घराणं सर्वांत मोठं आणि सर्वांत बोलकं. त्याला युरियाचं हवेत उडणं, पाण्यात झिरपणं दिसतं, पण ते नुकसान म्हणून. टाकलेल्यातला निम्म्याहून जास्त नायट्रोजन बहुतेक वेळा पिकाला मिळत नाही, त्यातून थोडा नायट्रस ऑक्साइड होऊन जातो, आणि त्याचा एक किलो कार्बन डायऑक्साइडच्या २७३ किलोंइतकी उष्णता धरतो. २०१५ पासून सगळा युरिया कडुनिंबाच्या तेलाचा लेप देऊन येतो तो हा बदल मंदावण्यासाठी आणि तो दुसऱ्या उद्योगांकडं वळू नये म्हणूनही. या घराण्याशी सेंद्रियवाद्यांचं कायमचं भांडण. एकजण म्हणतो मातीला युरिया हवा, दुसरा म्हणतो मातीनं युरिया सोडावा. मी दोन्हीकडच्या सभा ऐकल्या आहेत. मातीबद्दल तासन् तास बोलतात. ओटीतून खत टाकणाऱ्या बाईच्या हाताबद्दल मी दोन्हीकडं एक वाक्य ऐकलेलं नाही.

आणि त्या हाताला नुसता युरिया लागतो असं तरी कुठं आहे? पेरताना, दुसरा डोस देताना, युरियात दाणेदार कीटकनाशक कालवून घमेल्यातून फेकण्याची पद्धत आहे. तिथं धोका कीटकनाशकाचा, पण नाव खताचं. ‘खतच तर टाकतोय’ म्हणून हातमोजे नाहीत, तंबाखू मळायला तोच तळहात. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी-शेतमजूर मेल्यावर कीटकनाशकांबद्दल निदान बोलणं सुरू झालं. कीटकनाशकाच्या बाटलीवर लाल, पिवळा, निळा, हिरवा चौकोन असतो. खताच्या पोत्यावर तसं चिन्ह नाही. बऱ्याच पोत्यांवर एक सूचना मात्र ठळक असते, आकडा लावू नये. ती पोत्याच्या सुरक्षेसाठी.

मिसळण्याचा विषय निघाला म्हणून एक गोष्ट इथंच लिहून ठेवतो, कारण ती पुस्तकात मागं आहे आणि सगळेच मागपर्यंत वाचत नाहीत. ग्रामपंचायतीच्या खोलीत, शाळेच्या कोठीत, कधी घरातही, विहिरीत टाकायची ब्लीचिंग पावडर आणि युरिया शेजारी शेजारी ठेवलेले मी पाहिले आहेत. ही दोन एकत्र ओली झाली तर नायट्रोजन ट्रायक्लोराइड तयार होऊ शकतं आणि ते स्फोटक आहे. वर मी म्हटलं की युरिया फुटत नाही. खरं आहे, पण त्याच्यापासून काय होईल याची हमी त्याच्या शेजाऱ्यावर आहे. इतर मिश्रणं इतकी भयंकर नाहीत, त्रासदायक आहेत. सुपर फॉस्फेटमध्ये युरिया मिसळून रात्रभर ठेवला की सकाळी चिखल झालेला असतो. अमोनियम नायट्रेट असलेल्या खताबरोबर तो कोरड्या हवेतही पाणी धरतो. खत ओलं झालं की अमोनिया सुटतो, अमोनिया तांब्या-पितळेला खातो, आणि गोदामातल्या विजेच्या जोडण्या आधी खराब होतात. संत्र्यावर फवारणाऱ्यांसाठी वेगळं सांगायला हवं: युरिया करताना जास्त तापला तर त्यात बाययुरेट तयार होतं, कायद्यानं ते दीड टक्क्यापर्यंत चालतं, पण लिंबूवर्गीय झाडांची पानं त्याला फार नाजूक असतात.

आता हा संग्रह आजच का, याचं उत्तर माझ्या मते बदललेल्या वापरात आहे. युरिया पूर्वी पोत्यातून थेट मातीत जायचा. आज तो ठिबकच्या टाकीत विरघळतो, म्हणजे प्रत्येक शेतात एक ‘टिपाड’ कायमचं उभं आहे. महामार्गावरच्या ट्रकांच्या धुराड्यासाठी साडेबत्तीस टक्क्यांचं युरियाचं द्रावण कॅनमधून विकलं जातं आणि रिकामे कॅन पाण्यासाठी वापरले जातात. २०२१ पासून बाटलीतला नॅनो युरिया आला आहे. त्याच्या उत्पादनवाढीच्या दाव्यांवर शास्त्रज्ञांत मतभेद आहेत, पण सुरक्षेच्या दृष्टीनं मला दिसतं ते एवढंच की पिण्याच्या बाटलीएवढी बाटली आता शेताच्या बांधावर असते. रूप बदललं की जुनी सावधगिरी उपयोगी पडत नाही.

संग्रहात आम्ही युरियाच्या वाटेनं चाललो आहोत: मनोरा, गोदाम, दुकान, घर, शेत, गव्हाण, विहीर, दूध. लिहिणाऱ्यांत दोन पशुवैद्य आहेत, अमोनिया विभागात आयुष्य काढलेला एक ऑपरेटर आहे, पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेतली एक तंत्रज्ञ आहे. बाजारपेठेतल्या हमालांचं म्हणणं त्यांच्याच बोलीत उतरवून घेतलं आहे. सर्वांनी एकमेकांचे लेख वाचले आणि भांडले. काही भांडणं आम्ही मुद्दाम तशीच छापली आहेत. काय करावं याच्या याद्या आहेत, पण प्रत्येक सूचनेशेजारी ती कशासाठी हे दिलं आहे. व्हिनेगर का, हे कळलेला माणूस ते न मिळाल्यावर आणखी काय आंबट आहे ते शोधेल, अशी आशा आहे. पिकाला डोस किती द्यावा, सेंद्रिय बरं की रासायनिक, अनुदान असावं की नसावं, हे विषय यात नाहीत.

छापण्याआधी सगळा मजकूर आमच्या गावच्या पारावर तीन संध्याकाळी वाचून दाखवला. पहिल्या खर्ड्यात मी एक वाक्य मोठ्या अधिकारानं लिहिलं होतं: रिकामी पोती लगेच नष्ट करावीत. ते ऐकून मागच्या ओळीतली एक आजी हसायला लागली. ती बसली होती तो तळवट युरियाच्या बारा पोत्यांचा होता, तिच्या नातवाची दप्तराची पिशवी त्याच कापडाची होती, आणि पावसाळ्यात तिच्या गोठ्याला आडोसा त्याचाच. “नष्ट करून दादा, आम्ही बसायचं कशावर?” तिनं विचारलं. ते वाक्य काढलं. आता तिथं लिहिलं आहे: पोतं उलटं करून तीनदा धुवावं, धुतलेलं पाणी जनावर पिणार नाही अशा जागी ओतावं, कडक उन्हात वाळवावं; आडोशाला, बसायला, झाकायला वापरावं; त्यात धान्य, पीठ, पेंड भरू नये. तिसऱ्या संध्याकाळी आजीनं आणखी एक दुरुस्ती सुचवली. धुण्याआधी पोतं वळणीवर टाकू नका असंही लिहा, म्हणाली. तिची शेळी तेच चाटत उभी असते.